बडोद्याचा दगड आणि लालबागचा डंबेल

मागच्या अंकात मी जुन्या तालमींतल्या दगडी नालांबद्दल, म्हणजे ताकदीसाठी उचलायच्या दगडांबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं विचारणं एकच आहे: पूर्वीचे ताकदीचे की आताचे? त्यातल्या काही पत्रांना या वेळी उत्तरं देते. पहिल्या दोन पत्रांनी बरीच जागा घेतली आहे. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या घरात दर रविवारी जेवताना एकच वाद होतो. सासरे (वय ८१) सांगतात की गामा पहिलवानाने बडोद्याला १२०० किलोचा दगड उचलला होता आणि तो दगड आजही तिथल्या म्युझियममध्ये आहे. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो की जगातला सगळ्यात ताकदवान माणूससुद्धा पाचशेच्या थोडंसं वर उचलतो, तेव्हा आजोबांच्या या थापा आहेत. मग सासरे दोन दिवस त्याच्याशी बोलत नाहीत. खरं काय ते एकदा छापून सांगा.
— एक वाचक, डोंबिवली

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आणि मुलाला सांगा की ‘थापा’ हा शब्द आधी मागे घे. दगड खरोखरच आहे. बडोद्याच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये तो ठेवलाय. गुलाम मोहम्मद, म्हणजे आपला गामा, याने तो २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला असं त्यावर कोरलेलं आहे. गामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. इथपर्यंत आजोबांचं बरोबर आहे. प्रश्न फक्त वजनाचा आहे.

मी वेटलिफ्टिंगची पंच आहे, तेव्हा मी याच्याकडे पंचाच्या खुर्चीतूनच बघणार. आमच्या खेळात प्लॅटफॉर्मसमोर तीन पंच बसतात. प्रत्येकाच्या हाताशी दोन बटणं, एक पांढरं आणि एक लाल. दोन पांढरे दिवे लागले की लिफ्ट धरली. पण बटण दाबायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या झालेल्या असतात. बारवर किती किलो आहेत ते मोजलेलं असतं. तो कुठपर्यंत जायला हवा ते ठरलेलं असतं: डोक्यावर, कोपरं सरळ, पावलं एका रेषेत, बार स्थिर. आणि हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत होतं. ताकदीची कुठलीही गोष्ट कानावर आली की मी हेच तीन प्रश्न विचारते. वजन कोणी केलं? किती वर गेलं? समोर कोण होतं?

आता हिशेब मुलाकडूनच करून घ्या. दगडाची उंची अडीच फूट सांगतात. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच असा पोकळी नसलेला चौकोनी ठोकळा घेतला, तर त्याचं घनफळ ०.४४ घनमीटर येतं. ग्रॅनाइटसारखा दगड घनमीटरला सुमारे २७०० किलो भरतो. म्हणजे असा कडेकोट ठोकळा असेल तेव्हा कुठे १२०० किलो होतात. बाजू जरा गोल असल्या, कुठे कापलेलं असलं, की शेकडो किलो कमी. आणि अडीच फुटांच्या ठोकळ्याला मिठी मारून पाहा. हात पलीकडे पोचतात, पण धरायला काही सापडत नाही.

दुसरं, ‘उचलला’ या शब्दाकडे बघा. आपल्याकडे एक कड वर केली तरी उचलला, बूड जमिनीवरून सुटलं तरी उचलला, मांडीवर घेतला तरी उचलला आणि खांद्यावर टाकला तरी उचललाच. चौकोनी दगडाची एक कड वर करायला निम्मंच वजन पेलावं लागतं. तालमीत या सगळ्याचा फरक वस्ताद बरोबर ओळखतात. गोष्ट तालमीबाहेर पडली की तो फरक पुसला जातो.

आणि जुन्या वजनांचा घोळ तर विचारूच नका. इंग्रजी अमलात बंगालचा मण सुमारे ३७ किलोंचा आणि मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलोंचा. ‘दहा मणांचा दगड’ कलकत्त्यात म्हटलं तर ३७० किलो, मुंबईत म्हटलं तर १२७. एकाच शब्दात तिपटीचा फरक. १९५६चा वजनमापांचा कायदा आला, बाजारात किलो रुळला आणि मग हे थांबलं. त्याआधीचा कुठलाही आकडा ऐकला की मी आधी विचारते, मण कुठला?

म्हणून १२०० किलो उचलले या दाव्याला माझा लाल दिवा. गामाला मात्र नाही. आजोबांनी गामाची बाजू दगडावरून लढवायला नको होती, ती कुस्तीवरून लढवायची. १९१० साली गामा लंडनला गेला तेव्हा त्याचं वजन नव्वद किलोंच्या आसपास होतं. अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला त्याने लागोपाठ दोनदा चीत केलं. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोर आला. वजनाने तो गामाहून बराच भारी. थोड्याच वेळात तो जमिनीवर चार हातपायांवर दबून बसला आणि अडीच तासांहून जास्त वेळ तसाच चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तर झ्बिस्को आलाच नाही. पुढे १९२८च्या जानेवारीत पतियाळाला दोघे परत भिडले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. गामाने मिनिटभराच्या आत त्याला पाठीवर घातलं. वजन सांगितलेलं, प्रतिस्पर्धी नावाजलेला, हजारो लोक समोर. इथे माझे तिन्ही दिवे पांढरे.

मुलालाही एक सांगायचंय. २०१६ साली लीड्सला एडी हॉलने ५०० किलोंची डेडलिफ्ट मारली, म्हणजे बार जमिनीवरून उचलून सरळ उभा राहिला. २०२० साली आइसलंडच्या हाफथोर ब्यॉर्नसनने ५०१ केली आणि पुढे तो आकडा त्यानेच आणखी वाढवला. हे खरंच अचाट आहे. हॉलच्या तर नाकातून रक्त आलं आणि तो जागीच कोसळला. पण तो बार माणसाने उचलावा म्हणूनच बनवलेला असतो. धरायला बारीक, लवचिक, वजन दोन्ही बाजूंना सारखं. मनगटाला पट्टे बांधायची मुभा, अंगात घट्ट सूट. दगड उचलावा म्हणून कोणी घडवत नाही. दगडावर लागते ती ताकद वेगळी आणि बारवर लागते ती वेगळी. आजोबांची गोष्ट बाराशेच्या आकड्यावर अडते, तुझी पाचशेच्या आकड्यावर अडेल. दोघांनी एकदा बडोद्याला जाऊन तो दगड एकत्र बघून या. सोबत टेप घेऊन जा.

माझे वडील शिवडीच्या गोदामात माथाडी होते. शंभर किलोची पोती दिवसभर वाहायचे. माझा मुलगा महागड्या जिममध्ये जातो, दंड बघण्यासारखे आहेत, पण घरी आलेली पन्नास किलोची तांदळाची गोणी जिन्यावरून आणताना त्याला दोनदा थांबावं लागलं. जुन्या माणसांची ताकद खरंच वेगळी होती का? की मला वडील होते म्हणून तसं वाटतं?
— एक वाचक, शिवडी

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण माझे बाबाही माथाडीच होते. दाणाबंदरला, मस्जिदच्या बाजूला. मूळचे पाटण तालुक्यातले. उंची सव्वापाच फूट आणि अंगाने इतके काटकुळे की नवखा माणूस त्यांना क्लार्क समजायचा. ट्रकवरून दोघे जण पोतं पाठीवर लावून द्यायचे, एका हातातला लोखंडी आकडा पोत्यात रुतवायचा आणि फळीवरून गोदामात जायचं. ती फळी पावलागणिक लवते. त्या लवण्याच्या तालात पाऊल पडलं नाही तर माणूस पोत्यासकट खाली. मग थप्पी. खालच्या थरांना काही नाही, पण थप्पी डोक्याच्या वर गेली की पोतं मानेवरून वर सारायचं. दिवसभरात अशी किती पोती झाली ते संध्याकाळी वाराईच्या, म्हणजे हमालीच्या, हिशेबात कळायचं.

आमच्या लालबागच्या व्यायामशाळेत एक लोखंडी डंबेल होता. आजही आहे. गिरणीच्या वर्कशॉपमधल्या कुणा फिटरने तो बनवला होता. दोन बाजूंना ओतीव गोळे आणि मधे मूठ म्हणून दोन इंची नळाचा तुकडा. दोन इंची नळ बाहेरून सहा सेंटिमीटर भरतो. तेवढी जाड मूठ धरली की अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटत नाहीत, आणि डंबेल वर यायला लागला की गोळे फिरतात आणि मूठ हातातून सोलल्यासारखी निघून जाते. सगळे म्हणायचे, शंभर किलोचा आहे. एका हाताने गुडघ्याच्या वर उचलून उभं राहायचं, अशी पैज. मी लहान असताना हनुमान जयंतीच्या दिवशी ती लागायची. भले भले तो अर्धा वीतभर उचलून सोडून द्यायचे आणि फरशी हादरायची.

मी तेरा वर्षांची असताना त्या दिवशी बाबा मला प्रसादाला घेऊन गेले होते. कोणीतरी गमतीने म्हणालं, तुम्ही बघा की. त्यांनी हात पायजम्याला पुसला. वाकले. मुठीवर चारी बोटं एकेक करून ठेवली, अंगठा वरून दाबला, आणि सरळ उभे राहिले. झटका नाही, आवाज नाही. गोळे जागच्या जागी, फिरले नाहीत. मारुतीच्या तसबिरीकडे तोंड करून तीन-चार श्वास उभे राहिले आणि डंबेल खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. मोहरीवजा बारीक धान्याचं जुनं पोतं शिवणीवर न उसवता खाली टेकवतात, तसा.

२००९ साली व्यायामशाळेची फरशी नवीन बसवली. तेव्हा सगळं सामान बाहेर काढलं होतं. मी म्हटलं, आता याचं वजन करूनच टाकू. दोन मुलांनी तो हातगाडीवर घातला आणि आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर नेला. काटा थांबला ५८ किलो ४०० ग्रॅमवर. भंगारवाल्याने दोनदा तपासलं. आमच्यातले एक जुने सभासद एक शब्द न बोलता घरी निघून गेले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. शंभराच्या आकड्यावर मी माझ्या बाबांची आठवण पंचवीस वर्षं सांभाळली होती.

परत आणल्यावर मी मुलांना म्हटलं, ५८ आहे ना, उचला मग. त्यात एक मुलगा होता, १८० किलोंची डेडलिफ्ट सहज मारायचा. हाताला पावडर लावली, दोनदा, तीनदा. गोळे फिरले आणि मूठ सुटली. दुसऱ्याचं तेच. त्या संध्याकाळी सहापैकी कोणीही तो गुडघ्याच्या वर नेऊ शकलं नाही. आकडा खोटा निघाला होता, पण बाबांची पकड त्या फरशीवर पुन्हा एकदा खरी ठरली.

असाच एक डंबेल इंग्लंडमध्ये होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस इंच नावाचा बलदंड माणूस तो घेऊन फिरायचा आणि उचलणाऱ्याला बक्षीस लावायचा. वजन १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो, आणि मूठ आमच्यासारखीच सहा सेंटिमीटर. वर्षानुवर्षं कोणालाही तो जमेना. आता जमणारे आहेत, कारण त्याच्या हुबेहूब प्रती काढून लोक खास पकडीची मेहनत करतात.

स्कॉटलंडच्या पोटार्क पुलाजवळ दोन दगड आहेत, दोन्ही मिळून ३३२.५ किलो, वर लोखंडी कड्या. डोनाल्ड डिनी या गड्याने १८६० साली ते दोन्ही हातांत घेऊन पुलाच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नेले. आजही माणसं तिथे जातात आणि तेच दगड उचलून बघतात. १९७९ साली जॅन टॉड या अमेरिकन बाईने मनगटाला पट्टे लावून ते उचलले आणि २०१८ साली स्कॉटलंडच्या ली हॉलंड-कीनने पट्ट्यांशिवाय. ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या म्युझियममध्ये १४३.५ किलोंचा एक दगड आहे, त्यावर अडीच हजार वर्षांपूर्वीची ओळ कोरली आहे: बायबनने मला एका हाताने डोक्यावरून फेकलं. एका हाताने, यावर माझा विश्वास बसत नाही. पण दगड समोर आहे, वजन झालेलं आहे, ज्याला पटत नाही त्याने जाऊन हात घालून बघावा. वेगवेगळ्या काळांतल्या माणसांची तुलना करायची तर अशीच करता येते. वस्तू तीच हवी, माणसं बदलतील.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तुमचे वडील ताकदवान होते, आणि तुम्हाला तसं वाटतं ते ते वडील होते म्हणून नव्हे. पण ती ताकद शंभर किलो पाठीवर घेऊन चालण्याची होती. माझ्याच बाबांना मी पुढे एकदा बार दिला होता. ४० किलोची स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायची उचल, डोक्यावर गेली नाही, खांद्याला ती वाटच माहीत नव्हती. तुमचा मुलगा रोज बसून दंडांचा व्यायाम करतो, जिना चढत नाही. त्याला दोन महिने वाळूची पिशवी मिठीत घेऊन जिना चढायला लावा, २० किलोंपासून सुरुवात. पुढची गोणी तो न थांबता आणेल.

आणि एकूण माणूसजात कमजोर झाली, असं मात्र अजिबात मनात आणू नका. १९८८ साली सोव्हिएत संघाच्या लिओनिद तारानेन्कोने क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग वर अशा दोन टप्प्यांच्या उचलीत, २६६ किलो डोक्यावर नेले. ते मागे टाकायला २०२१ साल उजाडावं लागलं. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने ताश्कंदला २६७ केले. तेहतीस वर्षांत एक किलो. मधल्या काळात उत्तेजकांची तपासणी कितीतरी कडक झाली, तेव्हा तो एक किलोही मी फार मोठा मानते. माणूस घटलाही नाही आणि धो धो वाढलाही नाही.

सँडो मोठा, प्रोफेसर राममूर्ती मोठे की कॅनडाचा लुई सीर? आमच्या गिरगावच्या वाडीत जुन्या लोकांची यावर अजून जुंपते.
— एक वाचक, गिरगाव

तिघांची कामं वेगळी होती. युजीन सँडो १९०४-०५च्या हिंदुस्थान दौऱ्यात मुंबईतही खेळ करून गेला. बाह्या नसलेल्या बनियनला आपण आजही ‘सँडो’ म्हणतो, तो हाच. ताकद त्याच्यात होतीच, पण त्याचं खरं मोठेपण शरीर घडवून लोकांपुढे मांडण्यात. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये १९०१ साली त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. दादर-परळमध्ये आज ज्या ‘श्री’ स्पर्धा होतात त्यांचं मूळ तिथपर्यंत जातं.

राममूर्ती नायडू आंध्रचे, वीरघट्टमचे. साखळ्या तोडणं, मोटारी रोखून धरणं आणि छातीवरून हत्ती नेणं. छातीवरच्या हत्तीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. छातीवर फळी टाकलेली असते, हत्ती तिच्यावरून चालत जातो, फळीचा भार काही अंगावर आणि काही जमिनीवर वाटला जातो, आणि पूर्ण भार येतो तो क्षणभर. पण त्या क्षणी श्वास कोंडून बरगड्या धरून ठेवणं हे वर्षांच्या मेहनतीचं काम आहे. हे कोणी घरी करून बघू नये, कुठल्याही वजनाने.

लुई सीरने १८९५ साली बॉस्टनला पाठीवर फळी घेऊन त्यावर १८ माणसं उचलली, एकूण ४३३७ पौंड, म्हणजे १९६७ किलो. वाडीतली मंडळी हाच आकडा पुढे करत असणार. पण अशा उचलीत फळी जेमतेम टेकूवरून सुटते. समजा चार-पाच सेंटिमीटर. १९६७ गुणिले पाच म्हणजे पावणेदहा हजार. लाशाचा बार जमिनीवरून डोक्यावर जाईपर्यंत दोन मीटरच्या आसपास चढतो. २६७ गुणिले दोनशे म्हणजे साडेत्रेपन्न हजार. पाचपटीहून जास्त काम, तेही दोन झटक्यांत. तरीही एवढ्या भाराखाली ताठ राहणारी सीरची हाडं आणि पाठ लाशाकडे आहे का, हे बारवर कळणार नाही.

तिघांत मला निवडायचं झालं तर सीर. त्याची वजनं उघड्यावर, लोकांसमोर मोजलेली असायची.

मी नववीत आहे. वर्गातली मुलं म्हणतात की मुली ताकदीच्या नसतातच. मी वेटलिफ्टिंग सुरू केलंय. त्यांना काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, बदलापूर

बाळा, त्यांना आकडे सांग. मीराबाई चानूने २०२१च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो डोक्यावर नेले, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. तिचा वजनगट ४९ किलोंचा. म्हणजे स्वतःच्या जवळजवळ अडीचपट. लाशाने २६७ उचलले ते पावणेदोनशे किलोंच्या आसपासच्या शरीराने, म्हणजे दीडपट. लहान अंगाला हा फायदा असतोच. शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर ताकद, चौपट होते, पण वजन आठपट होतं. मुंगी आणि हत्तीचा फरक हाच. म्हणून आमच्याकडे वजनगट असतात.

या हिशेबात सगळ्यात पुढे तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलोंच्या गटात १९० किलो, तिपटीहून जास्त. वर्गात याचंही नाव सांग, म्हणजे मुलांनाही बरं वाटेल.

मी सुरुवात केली तेव्हा आमच्या व्यायामशाळेत मुलींना दुपारी दोन ते चार यायची परवानगी होती, कारण तेव्हा कोणीच नसायचं. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं ते २०००च्या सिडनीला, आणि त्याच वेळी करनम मल्लेश्वरीने २४० किलोंच्या एकूण उचलीवर कांस्य आणलं. त्या दिवशी आमच्या व्यायामशाळेत पेढे वाटले ते मीच. तू वेळ कुठलीही असो, जात राहा. बार १५ किलोंचाच घे, मुलांचा २० किलोंचा जाड बार घेऊ नकोस. तुझी मूठ लहान आहे, त्यात कमीपणा काही नाही.

भीम जास्त ताकदवान की ग्रीकांचा हर्क्युलिस?
— एक वाचक, विरार

यांना मी प्लॅटफॉर्मवर आणत नाही. पण महाभारत वाचताना एक गोष्ट पंच म्हणून मला फार आवडते. भीम आणि जरासंध यांची कुस्ती कार्तिकाच्या पहिल्या दिवशी सुरू होते आणि तेरा दिवस चालते. चौदाव्या रात्री जरासंध थकतो, ते कृष्णाच्या लक्षात येतं आणि मग भीम त्याला संपवतो. व्यासांनी दोघांतलं कोण किती मणांचं उचलतं ते मोजलं नाही. दम कोणाचा आधी सुटला ते मोजलं. गामा-झ्बिस्कोचे अडीच तास आठवा.

आमच्या गावी (खानापूर तालुका) मारुतीच्या देवळापुढे दगडी गोटी आहे. पणजोबा ती खांद्यावर घेऊन देवळाला प्रदक्षिणा घालायचे असं सांगतात. कोणी म्हणतं दोनशे किलो, कोणी तीनशे. यंदा यात्रेला मुंबईची मंडळी मिळून वजन करायचं ठरवतो आहोत. कसं करावं?
— एक वाचक, भांडुप

हे पत्र मला सगळ्यात जास्त आवडलं. आधी दोरीने घेर मोजा, गोटीच्या सगळ्यात फुगीर भागावरून, सेंटिमीटरमध्ये. तो आकडा तीन वेळा आपापसात गुणा आणि ५९ने भागा. आलेल्या आकड्याला २.८ने गुणा. हे झाले ग्रॅम, कारण काळा दगड घनसेंटिमीटरला साधारण तेवढाच भरतो. गोटी चांगली गोल असेल तर हा अंदाज बराच जवळ जातो. घेर १५० सेंटिमीटर आला तर १६० किलो. घेर १२० आला तर फक्त ८२. बघा, घेरात हातभर दोरीचाही फरक नाही आणि वजन निम्मं. म्हणूनच नजरेचा अंदाज एवढा चुकतो.

मग खरं वजन. ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊ नका, तो पाच-दहा किलोंनी वजन सांगतो. तालुक्याला चेन-पुली आणि टांगायचा डिजिटल काटा भाड्याने मिळेल, कुठल्याही वर्कशॉपमध्ये विचारा. गोटीला नायलॉनचा पट्टा घाला, साखळी घालू नका, दगड खरवडतो. तीनदा टांगा, तीनदा वाचा. गावातल्या दोन वडीलधाऱ्या माणसांना समोर उभं करा आणि आकडा देवळाच्या वहीत तारखेसह, किलोत लिहा. गोटीवर कोरू नका.

उचलून बघणार असालच, तर आधी दोन महिने मुंबईत वाळूच्या पिशवीवर सराव करा. गोटी जमिनीवरून थेट खांद्यावर जात नाही. आधी मांडीवर घ्यायची, तिथे मिठी बदलायची, मग कमरेच्या धक्क्याने छातीवर. पाठ गोल होईल, ती होतेच, पण हिसका मारायचा नाही. पायांत बूट नकोत. आणि खाली टाकायची वेळ आली तर मागे सरायचं, खाली वाकायचं नाही.

वजन दोनशेच्या खाली निघालं तर गावातल्या म्हाताऱ्यांना तिथल्या तिथे सांगू नका. आधी कोणालातरी गोटी खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घालायला सांगा आणि किती पावलं जातो ते मोजा. ते दोन्ही आकडे मला कळवा, पुढच्या अंकात छापू.